चेनसॉची दोरी वारंवार जड होते तेव्हा: दोष शोधण्याचा क्रम

चेनसॉची दोरी ओढताना हात अडतो, बराच जोर लावल्यावर इंजिन कसेबसे फिरते, त्यानंतर दिवसभर यंत्र व्यवस्थित चालते आणि काही दिवसांनी पुन्हा तोच प्रकार सुरू होतो. अशी तक्रार करणाऱ्या अनेकांनी तोपर्यंत दोरी बदललेली असते, काहींनी तर संपूर्ण स्टार्टर नवा बसवलेला असतो, तरीही दोष जागेवरच असतो. दोरीला जाणवणारा जडपणा दोरीतच असतो असे नाही, हे त्यामागचे कारण आहे. दोरीच्या मागे कप्पी, स्प्रिंग, फ्लायव्हील (इंजिनाचे जड चाक), क्रँकशाफ्ट (पिस्टनमुळे फिरणारा दांडा), पिस्टन आणि क्लच (इंजिनाची गती साखळीपर्यंत पोहोचवणारा भाग) असे भाग एकमेकांना जोडलेले असतात आणि त्यांपैकी कुठेही काही अडले तरी हाताला ते जवळपास सारखेच जाणवते. म्हणून एकही सुटा भाग विकत घेण्यापूर्वी दोष यांपैकी कोणत्या टप्प्यात आहे हे निश्चित करावे, असा माझा आग्रह आहे. त्यासाठी स्टार्टरचे आवरण आणि स्पार्क प्लग या दोनच गोष्टी काढाव्या लागतात.

दोरी अडली असताना जोर वाढवून ओढणे मात्र पूर्णपणे टाळावे. पिस्टन खरोखरच अडलेला असेल तर तो जोर कप्पी आणि फ्लायव्हील यांना जोडणाऱ्या लहान खिट्ट्यांवर येतो आणि त्या तुटतात. दोरी गाठीपाशी तुटून मूठ अंगावर येऊ शकते. मूळ दोष एकच असताना त्यात दुसऱ्या दोषाची भर पडते आणि मग शोध अधिकच अवघड होतो.

किती जडपणा स्वाभाविक आहे

काही जडपणा प्रत्येक इंजिनात असतोच, आणि तो किती असावा याचा अंदाज नसेल तर चांगल्या यंत्रातही दोष दिसू लागतो. साधारण 50 सीसीच्या चेनसॉमध्ये सिलिंडरचा व्यास 44 मिलिमीटरच्या आसपास असतो, म्हणजे पिस्टनच्या माथ्याचे क्षेत्रफळ सुमारे 15 चौरस सेंटिमीटर होते. चांगल्या स्थितीतील इंजिनाचे कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबल्या गेलेल्या हवेचा दाब, 10 बारच्या जवळ पोहोचते, तेव्हा पिस्टनवर सुमारे दीडशे किलोचा भार पडतो. हा भार आपला हात एकट्याने पेलत नाही. ओढीच्या सुरुवातीला फ्लायव्हीलला मिळालेली गती पिस्टनला त्या टोकापलीकडे नेते. त्यामुळेच हळूहळू ओढलेली दोरी नेहमी जड लागते आणि योग्य गतीने ओढलेली हलकी लागते.

योग्य पद्धत अशी आहे की चेन ब्रेक (साखळी अडवून धरणारा ब्रेक) लावून यंत्र सपाट जमिनीवर ठेवावे, उजव्या पायाचा पुढचा भाग मागच्या मुठीत ठेवून ते दाबून धरावे, डाव्या हाताने पुढची मूठ धरावी आणि दोरी आधी सावकाश ओढून पिस्टनचा विरोध जाणवेल तेथे थांबावे. मग तेथून एका दमात वेगाने ओढावे. दोरी शेवटपर्यंत खेचू नये आणि ओढून झाल्यावर मूठ सोडून देऊ नये, ती हातातच धरून परत जाऊ द्यावी. यंत्र हवेत धरून खाली झटकत दोरी ओढण्याची सवय अनेकांना असते. ती धोकादायक आहे, आणि त्यात दोरी तिरपी ओढली जाऊन तिच्या तोंडाशी असलेल्या कडीवर घासते, ते वेगळेच. त्या कडीत खाच पडलेली दिसली तर दोरीच्या जडपणाचा काही भाग तेथेच आहे असे समजावे.

मोठ्या यंत्रांवर सिलिंडरच्या बाजूला किंवा वरच्या आवरणात एक लहान बटण असते, तो डीकॉम्प्रेशन व्हॉल्व्ह. तो दाबला की सिलिंडरमधील थोडी हवा बाहेर पडते आणि ओढ हलकी होते. इंजिनाचा पहिला स्फोट झाला की तो आपोआप बंद होतो, म्हणून प्रत्येक वेळी तो नव्याने दाबावा लागतो. हे माहीत नसल्यामुळे यंत्र जड म्हणून दुरुस्तीला नेले जाते, असेही होते. दाबूनही ओढीत काही फरक पडत नसेल तर व्हॉल्व्हच्या आतील वाट काजळीने बुजली आहे का ते पाहावे. तो काढून कार्ब्युरेटर क्लीनरने धुता येतो. धुऊनही मोकळा होत नसेल तर नवा बसवणे बरे.

दोष कुठल्या टप्प्यात आहे

इग्निशनचा स्विच बंद करून आणि इंजिन गार झाल्यावरच पुढील तपासणी करावी. प्रथम स्टार्टरचे आवरण काढावे. बहुतेक यंत्रांत ते चार स्क्रूंवर बसवलेले असते. आवरण हातात धरून दोरी ओढून पाहावी. येथेही ती जड लागत असेल, अडखळत असेल किंवा परत जाताना मध्येच थांबत असेल, तर दोष स्टार्टरमध्येच आहे आणि इंजिनाला हात लावण्याची गरज नाही.

आवरण काढल्यावर दोरी हलकी चालत असेल तर दोष इंजिनाकडे आहे. मग स्पार्क प्लग काढावा, त्याची वायर प्लगच्या छिद्रापासून दूर ठेवावी आणि फ्लायव्हील हाताने, त्याच्या नेहमीच्या दिशेने, सावकाश फिरवून पाहावे. प्लग नसल्यामुळे आता कॉम्प्रेशन उरलेले नाही, त्यामुळे फ्लायव्हीलमधील चुंबकाच्या किंचित ओढीशिवाय दुसरा कोणताही विरोध जाणवता कामा नये. फ्लायव्हील मोकळे फिरले तर अडथळा सिलिंडरमधील दाबाचा किंवा द्रवाचा होता असे म्हणता येते. प्लग काढूनही ते जड फिरत असेल तर काहीतरी यांत्रिकरीत्या घासते आहे, आणि ते क्लच, बेअरिंग, पिस्टन किंवा फ्लायव्हील यांपैकी कुठे आहे ते पुढे पाहावे लागते.

या दोन पायऱ्यांना फारसा वेळ लागत नाही, तरी त्या टाळल्या जातात आणि अंदाजाने भाग बदलले जातात. दोष जाणवत असतानाच ही तपासणी करणे महत्त्वाचे आहे. अधूनमधून येणारा दोष नसताना यंत्र उघडले तर सगळे ठीक दिसते आणि हाती काहीच लागत नाही.

स्टार्टरमधील दोष

येथे सर्वाधिक सापडतो तो भुसा. झाडाचा चीक आणि तेलकट बारीक भुसा मिळून कप्पीच्या मागे घट्ट थर तयार होतो. तो लाकडी काडीने किंवा ब्रशने काढावा आणि कप्पीच्या खुंटीला अगदी थोडे ग्रीस लावावे. जास्त ग्रीस लावले तर त्यावर पुन्हा भुसा चिकटतो आणि दोष लवकर परत येतो. दोरी झिजून तिचे धागे सुटले असतील तर ते कप्पी आणि आवरणाच्या फटीत अडकतात. बदलताना मूळ जाडीचीच दोरी घ्यावी, कारण जाड दोरी कप्पीवर मावत नाही आणि शेवटच्या वेढ्यात आवरणाला घासते.

स्प्रिंगचा ताण हा दुसरा मुद्दा आहे. दोरी बदलल्यानंतर ती घट्ट परत जावी म्हणून कप्पीला गरजेपेक्षा जास्त वेढे दिले जातात. मग दोरी अर्धी ओढल्यावरच स्प्रिंग पूर्ण आवळली जाते आणि पुढे ओढ अडते. दोरी पूर्ण बाहेर काढल्यावरही कप्पी हाताने आणखी किमान अर्धा फेरा फिरली पाहिजे आणि सोडल्यावर मूठ आवरणाला टेकली पाहिजे. या दोन्ही गोष्टी जमत असतील तर ताण योग्य आहे. कप्पी काढावी लागली तर डोळ्यांवर चष्मा आणि हातात मोजे असलेच पाहिजेत, कारण आवळलेली स्प्रिंग निसटली तर ती वेगाने उसळते आणि तिच्या कडा धारदार असतात.

आवरण पुन्हा बसवताना स्क्रू आवळण्याआधी दोरी थोडीशी ओढावी, म्हणजे खिट्ट्या जागी बसतात. त्या अर्धवट अडकलेल्या असताना स्क्रू आवळले तर आवरण तिरपे बसते आणि दुरुस्तीनंतर दोरी पूर्वीपेक्षा जड होते.

सिलिंडरमध्ये साठलेले पेट्रोल

आता ज्या दोषासाठी मुख्यतः हे लिहिले आहे त्याकडे येतो, कारण वारंवार परत येणाऱ्या जडपणाचे कारण पुष्कळदा येथेच असते. यंत्र काल चांगले चालले होते, रात्रभर किंवा दुपारभर नुसते ठेवले होते, आणि आता दोरी अजिबात हलत नाही किंवा एका ठरावीक जागी दगडासारखी अडते. प्लग काढल्यावर तो ओला दिसतो, फ्लायव्हील फिरवताच छिद्रातून पेट्रोल उडते आणि त्यानंतर सगळे मोकळे होते. यालाच हायड्रोलॉक म्हणतात.

द्रव दाबला जात नाही, हे यामागचे साधे तत्त्व आहे. पिस्टन सर्वात वर असताना 50 सीसीच्या इंजिनात त्याच्या माथ्यावर उरणारी जागा जेमतेम सहा-सात मिलिलिटर असते. म्हणजे एखादा चमचा पेट्रोल तेथे जमले तरी ती जागा जवळपास भरते आणि पिस्टनला पुढे जायला वाट उरत नाही. क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या पोकळीत, साठलेले पेट्रोलही दोरी ओढताना सिलिंडरच्या बाजूच्या छिद्रांतून (पोर्ट) वर चढते, त्यामुळे सिलिंडर एकदा रिकामा केल्यावर काही ओढींनंतर तो पुन्हा अडू शकतो.

पेट्रोल बाहेर काढण्यासाठी यंत्र मोकळ्या हवेत, ज्वाला आणि ठिणगीपासून दूर न्यावे. प्लग काढलेला असावा, स्विच बंद असावा आणि प्लगची वायर छिद्रापासून लांब बांधून ठेवावी. उडणाऱ्या पेट्रोलवर ठिणगी पडून आग लागणे हा येथील खरा धोका आहे. चोक उघडा, म्हणजे हवेची वाट मोकळी, ठेवावा, थ्रॉटल पूर्ण दाबून धरावा, प्लगचे छिद्र खालच्या दिशेला येईल असे यंत्र धरावे आणि कोणाला तरी दोरी सावकाश ओढायला सांगावी. पेट्रोल येणे थांबल्यावर यंत्र काही वेळ तसेच उघडे ठेवावे, मग कोरडा प्लग बसवावा.

बहुतेक जण येथे थांबतात, आणि म्हणूनच दोष परत येतो. बाहेर काढलेले पेट्रोल हा परिणाम आहे. ते आत कुठून आले हे शोधणे बाकी असते. ते येते कार्ब्युरेटरमधून. कार्ब्युरेटरच्या आत एक लहान सुई असते, ती इंजिन बंद असताना इंधनाची वाट अडवून ठेवते. डायफ्राम (पातळ लवचिक पडदा), त्याला लागलेली लहान दांडी आणि दांडीखालची स्प्रिंग यांच्यामुळे ती गरजेपुरतीच उघडते. सुईखाली कचऱ्याचा कण अडकला, सुईचे टोक झिजले, दांडीची उंची चुकीची झाली किंवा डायफ्राम कडक झाला, की ही वाट पूर्ण बंद होत नाही.

यात भर घालते टाकीतील दाब. बहुतेक चेनसॉच्या टाकीचा व्हेंट (हवेची लहान वाट) हवा आत येऊ देतो, पण इंधन बाहेर सांडू नये म्हणून आतला दाब सहजासहजी बाहेर सोडत नाही. गरम इंजिनाशेजारी किंवा उन्हात टाकी तापली की पेट्रोलची वाफ होऊन दाब वाढतो आणि तो दाब इंधनाला नळीतून सुईपर्यंत ढकलतो. सुई चांगली असेल तर ती हा दाब पेलते. झिजलेली असेल तर पेट्रोल थेंबाथेंबाने क्रँककेसमध्ये उतरत राहते. म्हणूनच हा दोष काम थांबवून यंत्र ठेवल्यानंतर, वाहनातून उन्हातान्हात नेल्यानंतर किंवा टाकी भरलेली असताना अधिक दिसतो, आणि सलग काम चालू असताना दिसत नाही.

याची खात्री करून घेण्याचा सोपा मार्ग आहे. एका रात्री टाकी भरलेली ठेवून यंत्र ठेवावे आणि सकाळी प्लग काढून तो ओला आहे का ते पाहावे. दुसऱ्या वेळी टाकी पूर्ण रिकामी करून, कार्ब्युरेटरमधले इंधन संपेपर्यंत इंजिन चालवून मगच ठेवावे. पहिल्या वेळी जडपणा आणि ओलावा आला, दुसऱ्या वेळी आला नाही, तर सुईवर संशय ठेवायला पुरेसा आधार आहे. मग कार्ब्युरेटर उघडून सुई, दांडी, स्प्रिंग आणि डायफ्राम एकत्र मिळणाऱ्या दुरुस्ती किटमधून बदलावेत. माझ्या मते केवळ सुई बदलून डायफ्राम जुना ठेवणे ही चुकीची काटकसर आहे, कारण इथेनॉलमिश्रित पेट्रोलने दोन्हींवर सारखाच परिणाम झालेला असतो. दांडीची उंची मात्र यंत्राच्या माहितीपुस्तिकेनुसारच ठेवावी. ती किंचित जास्त राहिली तरी सुई पूर्ण बसत नाही आणि नवे किट घातल्यावरही गळती सुरू राहते. टाकीतील इंधन फिल्टरही त्याच वेळी बदलावा, नाहीतर कचऱ्याचा कण पुन्हा त्याच जागी जाऊन बसेल.

किट बसवेपर्यंतची तात्पुरती व्यवस्था म्हणून काम संपल्यावर टाकीचे झाकण सावकाश सैल करून दाब सोडावा आणि मग पुन्हा घट्ट करावे. तापलेल्या इंजिनाजवळ हे करू नये, कारण दाबाखालील पेट्रोल झाकणातून उडू शकते. इंजिन आधी गार होऊ द्यावे.

दीर्घकाळ ठेवण्यापूर्वी प्लगच्या छिद्रातून तेल ओतले असेल तर तेही असाच अडथळा निर्माण करते. ते तेल काढण्याची पद्धत वरीलप्रमाणेच आहे, आणि तेथे कार्ब्युरेटरला दोष देण्याचे कारण नाही.

प्लग काढूनही जड फिरत असेल तर

प्रथम क्लचकडे पाहावे. चेन ब्रेक सोडून एकदा आणि लावून एकदा दोरी ओढावी. बंद इंजिनात क्लचचे जोडे ड्रमपासून अलग असतात, म्हणून ब्रेक लावल्याने दोरीच्या ओढीत काहीही फरक पडायला नको. ब्रेक लावल्यावर ओढ अचानक जड होत असेल तर क्लचची स्प्रिंग तुटून जोडे ड्रमला चिकटलेले आहेत, किंवा ड्रमच्या आतील सुई-बेअरिंग सुकून ड्रम क्रँकशाफ्टबरोबर फिरते आहे. ब्रेक सोडलेला असताना दोरीबरोबर साखळीही सरकत असेल तर निष्कर्ष तोच आहे. क्लच खोलताना त्याचा आटा उलटा असतो हे लक्षात ठेवावे. तो घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवल्यावर सुटतो. पिस्टन अडवून धरण्यासाठी प्लगच्या छिद्रातून मऊ दोरीचा तुकडा आत सोडावा, परंतु पिस्टनने एक्झॉस्टचे छिद्र झाकल्यानंतरच, नाहीतर दोरी त्या छिद्रात अडकून कापली जाते.

फ्लायव्हील एका बाजूला घासल्याचा धातूचा आवाज येत असेल तर इग्निशन कॉइलचे अंतर तपासावे. ते बहुधा 0.2 ते 0.3 मिलिमीटर असते. कॉइलचे स्क्रू सैल होऊन ती चुंबकाला चिकटली असेल तर प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी अडथळा जाणवतो. याहून वेगळा प्रकार असा की दोरी जड नसते, पण मध्येच उलट झटका देऊन हातातून निसटते. फ्लायव्हीलची चावी (त्याला क्रँकशाफ्टवर जागी धरणारा लहान तुकडा) कापली गेल्यामुळे ठिणगी वेळेआधी पडत असल्याची ही खूण आहे. अशा अवस्थेत ओढत राहिल्यास मनगटाला दुखापत होते, म्हणून आधी फ्लायव्हील काढून चावी पाहावी.

क्लच आणि फ्लायव्हील दोन्ही निर्दोष असतील तर सायलेन्सर काढून एक्झॉस्टच्या छिद्रातून पिस्टनचा पृष्ठभाग पाहावा. तो गुळगुळीत असावा. त्यावर उभे खरखरीत ओरखडे दिसत असतील तर इंजिन तेलाअभावी किंवा हवेचे प्रमाण जास्त झाल्यामुळे तापून सीझ होऊ (पिस्टन सिलिंडरमध्ये घट्ट अडकू) लागले आहे. दोरी गार इंजिनात हलकी आणि तापल्यावर जड होत असेल तर ही तपासणी सर्वात आधी करावी, आणि तोपर्यंत यंत्र चालवू नये. 50:1 या प्रमाणाला एक लिटर पेट्रोलमध्ये 20 मिलिलिटर टू-स्ट्रोक ऑइल लागते. आपल्या यंत्राचे प्रमाण काय आहे ते पुस्तिकेत पाहून मोजूनच मिसळावे. प्रमाण बरोबर असूनही ओरखडे आले असतील तर क्रँकशाफ्टचे सील किंवा कार्ब्युरेटरजवळची रबरी नळी हवा ओढत आहे का ते तपासावे, कारण ते न पाहता नवा पिस्टन घातला तर तोही त्याच मार्गाने जातो.

पिस्टन स्वच्छ असूनही फ्लायव्हील फिरवताना वाळू दळल्यासारखी खरखर लागत असेल तर मुख्य बेअरिंग गेलेले आहे. ते बदलण्यासाठी क्रँककेस उघडावी लागते आणि दाबयंत्रही लागते, त्यामुळे हे काम अनुभवी कारागिराकडे देणे योग्य.

जोडणी पूर्ण झाल्यावर प्लग न बसवता एकदा आणि बसवून एकदा दोरी ओढून पाहावी. इंजिन सुरू झाले की ते मंद गतीवर ठेवून, ब्रेक सोडून, साखळी स्थिर राहते का हे पाहावे. मंद गतीवर साखळी सरकत असेल तर आधी मंद गतीचा स्क्रू पुस्तिकेनुसार कमी करावा. त्यानंतरही ती सरकत राहिली तर क्लच अजून ड्रमला चिकटतो आहे, आणि तो दुरुस्त होईपर्यंत त्या यंत्राने लाकूड कापू नये.